बोली लावू की भाव सांगू?

सिंगापूर सोडून परत निघालेल्या मराठी घरात शेवटच्या दोन महिन्यांत दुसरा विषय नसतो. कंटेनरमध्ये काय न्यायचं, इथेच कुणाला काय द्यायचं आणि विकायचं काय. आम्ही क्लेमेंटीचा फ्लॅट रिकामा करून सांगलीला निघालोय, त्यामुळे सध्या आमच्याकडे रोज हेच चाललंय, आणि त्यावर घरात दोन ठाम मतं आहेत. एक ह्यांचं. ह्यांचा लिलावावर विश्वास आहे. दुसरं आमच्या भाचीचं, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीचं. ती इथल्या एका कंपनीत मालाच्या किमती ठरवण्याचंच काम करते, आणि तिच्या मते घरातली जुनी वस्तू लिलावाला लावणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. दोघंही मुद्द्याचं बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं इथे मांडतेय. जिथे मला राहवलं नाही, तिथे मीही मध्ये बोलले आहे.

भाची : मामा, सोफा, वॉशिंग मशीन, अभ्यासाची टेबलं, सायकली, तुमचा कॅमेरा, मामीचा एनॅमलचा डबा. सगळ्यांचे फोटो काढू, प्रत्येकाला किंमत लावू आणि कॅरोसेल ॲपवर टाकू. पंधरा दिवसांत घर मोकळं.

मामा : किंमत लावणारे आपण कोण? अगं, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघत मी वाढलो. शेतकरी पोतं उतरवतो, माल मोकळा करून दाखवतो, भाव व्यापारी बोलतात. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, हत्ता म्हणायचे त्याला. कुणी किती सांगितलं ते माल आणणाऱ्याला कळायचंच नाही. उघड बोली आली, तेव्हा कुठे त्याला आपल्या मालाची किंमत चार लोकांदेखत ऐकायला मिळाली. मी मनाने आकडा लावला की एक तर मी कमी लावतो, नाही तर जास्त. जास्त लावला तर वस्तू पडून राहते, कमी लावला तर नुकसान झालेलं मला कधी समजतही नाही.

भाची : पण यार्डात सौद्याच्या वेळी व्यापाऱ्यांचा घोळका उभा असतो, आणि प्रत्येकाला हळद हवीच असते. तुमच्या तीन माणसांच्या सोफ्यासाठी कोण उभं आहे?

मामा : या गावाला बोली नवी आहे का? इथे गाडी घ्यायची तर आधी तिच्या परवान्यासाठी बोली लावावी लागते. १९९० पासून चाललंय. महिन्यातून दोनदा लिलाव होतो, आणि दहा वर्षं गाडी ठेवायच्या हक्काची किंमत त्यात ठरते. २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या गटातही ती एक लाख डॉलरवर गेली. लोक चिडतात, पण बोली लावतातच.

भाची : त्या लिलावात विकणारं सरकार एकच, परवाने मोजके आणि मागणारे हजारो. शिवाय तिथे जिंकलेले सगळे एकच रक्कम भरतात. हरलेल्यांतली सगळ्यात वरची बोली आणि त्यावर एक डॉलर. म्हणजे किंमत ठरवतो तो हरलेला माणूस. मामा, तुमच्या सोफ्याच्या लिलावात हरणारा माणूस कुठून आणणार?

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या एका प्रश्नात जुन्या वस्तूंच्या लिलावाचं सगळं गणित आहे आणि विकायला बसलेल्या बहुतेकांचं नेमकं त्याच्याकडेच लक्ष नसतं. ईबेवर तुम्ही एखाद्या वस्तूसाठी जास्तीत जास्त दोनशे डॉलर द्यायला तयार आहात असं लिहिलं, तर साइट लगेच दोनशेची बोली लावत नाही. दुसऱ्या कुणी नव्वद सांगितले असतील, तर तुमच्या नावावर नव्वदच्या जरा वरचा आकडा दिसतो. तुम्ही जिंकता आणि तेवढेच भरता. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये याच जातीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विकणाऱ्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे. सगळ्यात जास्त हौस असलेला गिऱ्हाईक कितीही द्यायला तयार असो, तुमच्या हातात पडणार ते दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची तयारी असेल तेवढंच. तो दुसरा माणूस हजर नसेल, तर तुमचा लिलाव सुरुवातीच्या आकड्यावरच संपतो. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन आधी विचारायचं : हिला मागणारा दुसरा कोण?

सोफ्याला मागणारा दुसरा कोण? आमच्या सोफ्याचा गिऱ्हाईक याच बेटावरचा हवा, त्याच्या हॉलमध्ये तो मावायला हवा, आणि याच आठवड्यात त्याला व्हॅन मिळायला हवी. असा एक भेटला तरी पुष्कळ.

मामा : मान्य. सोफा तुझा. पण एवढं सांग, तू किंमत कशी लावणार?

भाची : तोच सोफा, तेवढाच जुना, गेल्या काही आठवड्यांत कितीला गेला ते बघून. विकायला ठेवणारा काय मागतोय ते बघायचं नाही, मागायला काय, कुणीही काहीही मागतं. ‘विकलं गेलं’ असा शिक्का असलेल्या वस्तू बघायच्या. त्यांच्या मधोमध आपला आकडा ठेवायचा आणि घासाघीस गृहीत धरून थोडा वर. कारण पहिला निरोप येणार तो ‘लास्ट प्राइस?’ असाच. फोटोही बघितलेला नसतो त्याने.

मामा : आणि अर्धी किंमत सांगणारे?

भाची : त्यांना एका ओळीत नम्रपणे नाही म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. वाद घालायचा नाही. तीनदा निरोप पाठवूनही वेळ न ठरवणाऱ्याची वाट बघायची नाही. जो म्हणेल ‘उद्या संध्याकाळी सातला व्हॅन घेऊन येतो’, त्याला दहा डॉलर कमी घेऊन द्यायचं. फ्लॅटच्या चाव्या द्यायची तारीख ठरलेली असताना ती निश्चिती दहा डॉलरपेक्षा मोलाची आहे.

तिचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. मोठ्या सामानाच्या जाहिरातीत तीन गोष्टी आधीच लिहिल्या की निम्मे फुकट निरोप येतच नाहीत : लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते की नाही, आणि न्यायची सोय कुणी करायची. इथे बहुतेक लोक लालामूव्हची व्हॅन बोलावतात, त्यामुळे भाडं गिऱ्हाईकाचं असं स्पष्ट लिहावं. सामान नेईपर्यंत ते बाहेर कॉरिडॉरमध्ये काढून ठेवायचा मोह होतो, तो टाळायला हवा. आगीच्या वेळी माणसांना बाहेर पडता यावं म्हणून सव्वा मीटरच्या आसपास, नेमकं सांगायचं तर १.२ मीटर, वाट मोकळी असावी लागते. आमच्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीवरच्या आजी राहतात, त्यामुळे आम्हाला हा नियम कुणी सांगावा लागत नाही.

मामा : तुझं कॅरोसेल चांगलंच आहे. आम्ही आलो तेव्हा असलं काही नव्हतं. रविवारी सुंगेई रोडला जायचं. जमिनीवर ताडपत्री अंथरून घड्याळं, जुने फोन, नाणी, सुटे रिमोट मांडलेले असायचे. पुण्यातल्या जुन्या बाजाराची आठवण यायची. १९३० च्या दशकापासून चाललेला तो बाजार. १० जुलै २०१७ ला तो बंद झाला. मामीचा डबा तिथलाच.

भाची : आणि कॅरोसेल २०१२ मधलं. इथल्याच राष्ट्रीय विद्यापीठात शिकलेल्या तीन मुलांनी काढलं. म्हणजे पाच वर्षं दोन्ही बाजार एकाच गावात होते. तुमच्या त्या ताडपत्रीवरही लिलाव नव्हता मामा, भाव सांगून घासाघीसच होती.

मामा : खरंय. पण तिथे मी वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायचो. आता गिऱ्हाईकाच्या हातात फक्त फोटो असतो. म्हणून तर बोली बरी. शंका असलेला कमी बोलतो, जाणकार जास्त बोलतो.

भाची : ईबेने स्वतःच लिलावाचा हात सोडलाय. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला बहुतेक माल लिलावाने जायचा. दहा वर्षांत चित्र उलटलं आणि ठरल्या किमतीचा माल कितीतरी पुढे गेला. आइनाव, लेविन वगैरे अर्थतज्ज्ञांनी ईबेचेच आकडे घेऊन यावर अभ्यास केलाय. लोकांना आठवडाभर बोली सांभाळत बसायचा कंटाळा येतो. आज हवं असतं, आज मिळतं.

मामा : त्याच अभ्यासात हेही आहे ना, की जुन्या आणि एकुलत्या एक वस्तूंसाठी विकणारे अजून लिलावाकडेच वळतात? नव्या फोनची किंमत सगळ्या जगाला माहीत असते. माझ्या कॅमेऱ्याची कुणाला माहीत आहे?

इथे ह्यांचं पारडं जड आहे. कॅमेरा निकॉनचा एफएम टू. १९८२ मध्ये बाजारात आला आणि २००१ पर्यंत बनत राहिला. फिल्मवर चालणारा, सगळी यंत्रणा यांत्रिक. सेल फक्त उजेड मोजण्यापुरता लागतो, तो संपला तरी फोटो निघतो. फिल्मकडे वळलेली तरुण मुलं आता असले कॅमेरे शोधत असतात. त्याची किंमत ढोबळमानाने कळते, पण लेन्स कशी आहे यावर ती दुप्पटही होते, निम्मीही. आणि मुख्य म्हणजे याला मागणारा दुसरा माणूस कुठेही असू शकतो. ओसाकात असेल, बर्लिनमध्ये असेल. कॅमेरा डब्यात घालून टपालाने जातो. सोफा जात नाही. म्हणून कॅमेरा लिलावाला, हे ठरलं. कसा, यावर मात्र दोघांची पुन्हा जुंपली.

मामा : सुरुवात एक डॉलरपासून. लोक येतात, एकदा बोली लावली की वस्तू आपलीच वाटायला लागते, मग चढत जातात.

भाची : कमी आकड्यापासून सुरू झालेला लिलाव वर जातो असं दाखवणारा एक अभ्यास २००६ मध्ये आला होता, मला माहीत आहे. पण त्याच अभ्यासात अट आहे, की लोकांची ये-जा मोकळी हवी. नाव लिहिताना स्पेलिंग चुकलं, चुकीच्या विभागात टाकलं, तर लोक येतच नाहीत, आणि तेव्हा कमी सुरुवात खालीच राहते. एक डॉलर लावून तुम्ही झोपलात आणि तो चाळीसला गेला तर? जिंकणाऱ्याला द्यावाच लागेल.

मामा : मग आतली किंमत ठेवू, त्याखाली विकायचं नाही.

भाची : त्याने बोली लावणाऱ्याला नुसतं ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ असं दिसतं आणि तो चिडून निघून जातो. त्यापेक्षा सुरुवातीचाच आकडा नीट ठेवा. ज्याच्या खाली गेला तर तुम्ही तो विकण्याऐवजी माझ्या भावाला द्याल, तो आकडा.

ह्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, पण भाचीची पद्धत मला फार आवडली. ‘किमान किती अपेक्षित आहे’ या प्रश्नाला माणूस उगाच फुगवून उत्तर देतो. ‘कितीच्या खाली गेला तर घरातल्या मुलाला देशील’ या प्रश्नाला खरं उत्तर देतो.

मग फोटो. यावर दोघांचं एकमत होतं, आणि यात आम्ही एक पूर्ण दुपार घातली. सिंगापूरच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, हे इथल्या प्रत्येक फोटोवाल्याला माहीत असतं. आर्द्रता वर्षभर ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणून लोक कॅमेरे ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवतात. आमचा काही वर्षं कपाटात होता. ह्यांनी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं, मागून मोबाइलची बॅटरी धरली, आणि समोरून भाचीने फोटो काढला. डाव्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे स्पष्ट दिसले. त्या फोटोवर तिने लाल गोल काढला आणि तो चौथ्या-पाचव्या नंबरला न ठेवता दुसऱ्या नंबरला ठेवला. मागचं झाकण उघडून आतल्या फोमच्या पट्ट्या चिकट झाल्यात तेही दाखवलं. प्रत्येक शटर वेगाचा आवाज येईल असा छोटा व्हिडिओ केला. खालच्या पट्टीवर झाकणाचा ओरखडा होता, त्यावर तिरका उजेड घेतला, कारण समोरून घेतलेल्या उजेडात ओरखडा दिसत नाही.

मामा : बुरशी दुसऱ्याच फोटोत दाखवली की लोक पळतात.

भाची : जे पळायचे ते पळू देत. राहतील ते बुरशी धरूनच बोली लावतील, आणि माल हातात पडल्यावर परत करणार नाहीत. दूरच्या देशातून आलेला परत माल म्हणजे जातानाचं टपाल गेलं, येतानाचं गेलं आणि महिना गेला. तोवर आपण सांगलीत.

मामा : हे मात्र खरं. ईबेचा संस्थापक पिएर ओमिड्यारने १९९५ मध्ये सुरुवातीलाच काय विकलं, माहीत आहे? बिघडलेला लेझर पॉइंटर. बिघडलेला म्हणून सांगून. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. घेणाऱ्याला त्याने विचारलं, बिघडलाय हे समजलंय ना? तर तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो.

भाची : आणि मुंबईतली लिलावाची साइट, बाझी डॉट कॉम? आई सांगते, बाबांनी त्यावर कुठलंतरी घड्याळ घेतलं होतं.

मामा : २००४ मध्ये ईबेने बाझी विकत घेतली. पुढे ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. तुझ्या बाबांचं घड्याळ चालू आहे अजून.

कॅमेऱ्याचा लिलाव किती दिवस ठेवायचा? सात दिवस, म्हणजे एक शनिवार-रविवार त्यात येतोच. पण संपायची वेळ काय? ह्यांच्या मनात रविवारी रात्री नऊची वेळ होती, जेवणं आटोपून लोक निवांत फोन घेऊन बसलेले असतात म्हणून. भाचीने लगेच विचारलं, कुठले लोक? सिंगापूरच्या रविवारी रात्री नऊला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा. गिऱ्हाईक अमेरिकेतले धरायचे असतील तर त्यांची रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले सोमवारचे नऊ, तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा आणि जपानमध्ये सोमवारी सकाळचे दहा. युरोप झोपलेला असतो, पण तिथल्या माणसाला जास्तीत जास्त रक्कम आधीच लिहून ठेवता येते. सोमवारी सकाळी नऊ, हे पक्कं झालं.

मामा : आणि शेवटच्या दहा सेकंदांत येऊन बोली लावणारे? त्यांचं काय करायचं?

भाची : ईबेवर काहीच करता येत नाही. तिथे घड्याळ ठरल्या वेळी थांबतं, म्हणून सगळे शेवटच्या क्षणाची वाट बघतात. पूर्वी ॲमेझॉनचेही लिलाव असायचे, तिथे शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी वाढायची. रॉथ आणि ओकनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना केली, तर वेळ वाढणाऱ्या लिलावात शेवटच्या मिनिटाची घाई खूपच कमी निघाली. इथल्या फेसबुक ग्रुपवर लोक तेच करतात. मामीच्या डब्यासाठी तेच करू.

डबा म्हणजे मलायात टिंगकाट म्हणतात तो, चार पुड्यांचा, एनॅमलचा, वर हाताने रंगवलेली गुलाबाची फुलं. इथल्या जुन्या चिनी-मलय, म्हणजे पेरानाकान घरांत असले डबे असायचे आणि आता ते जमवणारे लोक आहेत. जमवणाऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर लिलावाची पद्धत ठरलेली असते : सुरुवातीची बोली, कमीत कमी वाढ, थेट घ्यायचा असेल तर किंमत, आणि बंद व्हायची वेळ. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं आणखी. बोली खाली प्रतिक्रियेत आकड्याने लिहायची, आणि लिहून पुसायची नाही. एनॅमल कुठे उडालंय, कडी मूळची आहे की बदललेली, आणि चारही पुड्या एकमेकांत नीट बसतात का, हे तिथले लोक आधी विचारतात. आमच्या डब्याची तिसरी पुडी तळाशी टवका उडालेली आहे. ती एकटी उलटी करून फोटो काढला.

मामा : डब्याची बोली चढायला लागली की दुसऱ्या कुणाच्या नावाने एक-दोन बोल्या लावता येतात बरं का. लिलावात सगळीकडे...

मी तिथेच ह्यांना थांबवलं. ‘अहो, ते आपल्या घरात व्हायचं नाही.’ स्वतःच्याच मालावर खोटी बोली लावणं ही फसवणूक आहे, ईबेवरही त्याला बंदी आहे, आणि असल्या छोट्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण एकमेकाला ओळखतो. ह्यांनीही लगेच विषय सोडला.

भाची : पण मामा, भान सुटून बोली लावणारे लोक बघितलेत तुम्ही?

मामा : या बेटावर दरवर्षी बघतो. चिनी सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, मोहल्ल्यामोहल्ल्यात जेवणाच्या पंगती होतात आणि शुभ वस्तूंचा लिलाव होतो. सोनेरी कागदात गुंडाळलेला कोळशाचा तुकडा, त्याला काळं सोनं म्हणतात. तो हजारोंना जातो, आणि पैसे पुढच्या वर्षीच्या उत्सवाला. आपल्याकडे लालबागच्या राजाला वाहिलेल्या दागिन्यांचा लिलाव होतो, तसंच.

भाची : तिथे माणूस चार लोकांदेखत देवाला देत असतो. चढी बोली म्हणजे दान. त्या उत्साहावरून आपल्या डब्याचा भाव काढू नका. ऑनलाइन बोली लावणारा घरी एकटा बसलेला असतो.

वीज लागणाऱ्या वस्तूंवर फारसा वाद झाला नाही. इथले प्लग तीन चौकोनी पिनांचे, आणि आम्ही भारतातून आणलेला मिक्सर गोल पिनांचा. तो अडॅप्टरसकट नव्याने आलेल्या एका मराठी घराला देऊन टाकला, कारण इडलीचं पीठ वाटायला त्यांना तसलाच हवा होता. फोन विकण्याआधी आपलं खातं त्यातून बाहेर काढायचं, ‘माझा फोन शोधा’ हा पर्याय बंद करायचा आणि मग सगळं पुसायचं. खातं आत राहिलं तर घेणाऱ्याच्या हातात वीट येते आणि भांडण आपल्या दारात येतं.

पैसे घेण्यावर मात्र भाची हट्टाला पेटली, आणि योग्यच होती.

भाची : मामा, नीट ऐका. घेणारा म्हणेल, ‘पैसे पाठवले, हा बघा फोटो.’ फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्या बँकेचं ॲप उघडायचं आणि रक्कम आत दिसली तरच डबा हातातून सोडायचा.

मामा : पेनाऊने पाठवले की पैसे लगेच दिसतात.

भाची : हो, म्हणूनच थांबायला हरकत काय? दुसरं म्हणजे लिंक. ‘कुरिअरवाल्यासाठी इथे दाबा’, ‘पैसे मिळवण्यासाठी इथे बँकेत लॉग इन करा’. अशा लिंका खास विकणाऱ्यांनाच पाठवतात आणि खाती रिकामी होतात. पोलिसांनी यावर कितीदा सूचना काढल्यात. पैसे घ्यायला फक्त तुमचा फोन नंबर लागतो. पासवर्ड, सिंगपासचं लॉग इन, काही म्हणजे काही लागत नाही. शंका आली तर १७९९ या फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा.

मामा : आणि गिऱ्हाईक खरंच भांडायला लागला तर?

भाची : वीस हजार डॉलरपर्यंतच्या दाव्यांना इथे वेगळं छोटं न्यायाधिकरण आहे, त्यात वकील नसतो. पण आपलं लिहिणं आणि फोटो जपून ठेवलेत ना, मग तिथवर जायची वेळच येत नाही.

लहान वस्तूंची देवाणघेवाण एमआरटी स्टेशनवर. इथे लोक एक करतात : विकणारा गाडीतून उतरून फाटकाच्या आतच राहतो, घेणारा बाहेरून येतो, आणि पिशवी फाटकावरून पलीकडे जाते. बाहेर पडून पुन्हा आत यायचं भाडं लागत नाही. तिथे उजेड असतो, कर्मचारी असतात, कॅमेरे असतात. भाचीने ह्यांना बजावून सांगितलंय, भेटायची जागा ऐनवेळी बदलायची नाही, घेणाऱ्याने कितीही ‘अंकल, खाली इमारतीच्या व्हॉइड डेकला या’ म्हटलं तरी.

उरलेलं काय? बरंच काही. जे लिलावातही जाणार नाही आणि किंमत लावूनही जाणार नाही, ते. भाची म्हणते, चौदा दिवस कुणी विचारलं नाही की शून्य डॉलर लिहायचं. ह्यांना वाटतं, फुकट म्हटलं की लोकांना किंमत राहत नाही. मी या बाबतीत पूर्ण भाचीच्या बाजूची आहे. या बेटावर कचरा टाकायला सेमाकाऊ हे एकच ठिकाण उरलंय, आणि तेही २०३५ च्या सुमारास भरेल असा अंदाज आहे. आपण वापरून झालेली अभ्यासाची टेबलं तिथे जाण्यापेक्षा कुणाच्या तरी मुलाच्या खोलीत गेलेली मला हजारदा चालतील. रद्दी आणि जुने कपडे गाडी ढकलत येणारा कारंगुनीवाला नेतो, थोडेफार पैसेही देतो. इलेक्ट्रिकच्या बंद वस्तूंसाठी २०२१ पासून वेगळी गोळा करायची व्यवस्था आहे. मोठं मोडकं सामान टाउन कौन्सिलला सांगितलं की ठरल्या दिवशी उचलून नेतात, आधी नोंद मात्र करायला हवी.

कॅमेऱ्याची जाहिरात कालच टाकली. रात्री ह्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

मामा : समजा लिलाव संपला, जिंकणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. मग पुन्हा सात दिवस?

भाची : चार दिवस वाट बघायची, एकदा आठवण करायची, मग तो व्यवहार साइटवर रीतसर रद्द करायचा. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर जो होता, त्याला त्याच्याच शेवटच्या आकड्याला विचारायचं. ईबेवर तशी सोय आहे. तो हो म्हणाला तर काम झालं.

मामा : म्हणजे बोली लावणाऱ्या सगळ्यांशी आत्तापासूनच नीट बोलायला हवं. प्रश्न विचारलाय त्याला आजच उत्तर द्यायचं.

भाची : एक प्रश्न आलाय आत्ताच. विचारतोय, बुरशी पुढच्या काचेवर आहे की आतल्या?

मामा : आतल्या. दुसऱ्या काचेच्या डाव्या कडेला. दे इकडे फोन, मी लिहितो.